सुगंधाच्या पाटीतल्या चपला

मंडळी, स्टेजवर रडण्यात माझा हात धरणारा माणूस डहाणूपासून केळव्यापर्यंत सापडायचा नाही! हे मी म्हणत नाही, आमचं अख्खं दांडी गाव म्हणतं. होळीच्या नाटकात बापाची भूमिका वर्षानुवर्षं माझीच. पोरगा घर सोडून जातो, बाप रडतो. पोरगा परत येतो, बाप रडतो. शेवटी बाप मरतो आणि गाव रडतं. एकदा मी इतका झकास मेलो, की पुढे बसलेली नवसीआत्या पाण्याचा तांब्या घेऊन स्टेजवर चढली आणि तिने तो माझ्या तोंडावर रिकामा केला! मला मरणातून उठून बसावं लागलं. पण त्या टाळ्या अजून कानात आहेत.

तर अशा या प्रफुल्ल तामोरेला यंदा चक्क मेडिकल कॉलेजातून फोन आला. पालघरच्या बाजूला एका कॉलेजात शिकवणाऱ्या राऊत मॅडम. होळीला आमचं नाटक बघून गेल्या होत्या.

"तामोरेकाका, आमच्या मुलांसाठी एक पेशंट हवाय. खोटा."

"खोटा? म्हणजे मरायचं का?" मी उत्साहाने विचारलं.

"छे छे, मरायचं अजिबात नाही! आमची मुलं गोळ्या झटपट लिहितात. पण पेशंटला व्यायाम करा म्हणून सांगायची वेळ आली, की एक तर विसरतात, नाहीतर असं दरडावून सांगतात की पेशंट पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. म्हणून खऱ्या पेशंटकडे पाठवायच्या आधी मी सराव करून घेतेय. तुम्हाला साखर आहे, गुडघे दुखतात आणि व्यायामाचा कंटाळा आहे. बास, एवढंच दाखवायचं."

मी हो म्हटलं, पण फोन ठेवला आणि खट्टू झालो. कंटाळा? ही काय भूमिका झाली? कंटाळ्यात नटाला वाव तो काय! ज्या माणसाने स्टेजवर मरून दाखवलं, त्याने आता जांभया द्यायच्या?

घरी सुगंधाला सांगितलं. सुगंधा माझी बायको. पहाटे मासळीची पाटी घेऊन ती बोईसरच्या बाजारात जाते, दुपारी परत येते. मी बोईसरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून खुर्चीत असतो. साखर माझी खरीच आहे, तिच्यासाठी नाटकाची गरज नाही. सुगंधा निघताना रोज सांगते, "अवो, जरा बंदरापर्यंत चालून या. त्या चपलेचा अंगठा शिवून आणा. दाराची कडी गंजून पडली, ती नवी बसवा." आणि मी रोज खुर्चीतूनच हात वर करतो. "उद्या!"

पण त्या दिवशी तिचा चेहरा असा उजळला म्हणता! "डॉक्टरांना शिकवणार तुमी?" दुसऱ्या दिवशी तिने अख्ख्या बाजाराला सांगून टाकलं, की माझा नवरा डॉक्टरांना शिकवतो. मासळी घेणाऱ्यालाही सांगितलं आणि नुसता भाव विचारून पुढे जाणाऱ्यालाही. हे लक्षात ठेवा मंडळी. पुढे मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच.

ठरल्या दिवशी निघालो. चपलेचा अंगठा अर्थात तुटलेलाच होता. माझा मुलगा दिपेश, त्याचे बूट त्याच्याच पायातून ड्यूटीला गेलेले. शेवटी मोरीतल्या निळ्या सपाता पायात सरकवल्या आणि तसाच कॉलेजात दाखल झालो. वर्ग पांढऱ्या कोटांनी भरलेला. समोर एक टेबल, दोन खुर्च्या. मला वाटलं होतं, निदान पडदा तरी असेल!

पहिला आला अनुज. तो बसायच्या आधीच सुरू झाला. "काका, साखर वाढलीय. रोज चालायचं. भरभर चालायचं. भात बंद, लिफ्ट बंद, तळलेलं बंद. नाहीतर आधी डोळे जातात, मग किडनी जाते, मग पाय कापावा लागतो. समजलं?"

"समजलं," मी म्हटलं. "पण पाय कापल्यावर चालायचं कसं, तेही सांगून ठेवा!"

वर्ग खो खो हसला. मॅडमही हसल्या. "अनुज, एव्हाना काका पळून गेले असते. घाबरवून कुणी चालायला लागत नाही रे. आधी विचार, त्यांना अडतंय कुठे? मग त्यांना जमेल अशी एखादी छोटी गोष्ट दोघांनी मिळून शोधा. रिद्धी, तू ये."

तो हशा माझ्या डोक्यात गेला होता, मंडळी. त्या हशानेच घात केला.

रिद्धी बारीक चणीची, भाबड्या डोळ्यांची मुलगी. तिने खुर्ची जवळ ओढली. "काका, चालायला जावंसं वाटतं का तुम्हाला?"

"वाटतं की."

"मग अडतं कुठे?"

इथे मी 'कंटाळा' म्हणायचं होतं. एक शब्द! पण वर्ग कसा चिडीचूप झाला होता. मागच्या बाकावरच्यांनी मोबाइल खाली ठेवले होते. होळीच्या नाटकात एवढी शांतता मिळवायला आम्हाला आधी निम्म्या गावाला दम द्यावा लागतो. मी मान खाली घातली. मोरीतल्या सपाता दिसल्या आणि तोंडातून निघालं, "बायको."

"काकूंना काय झालं?"

"तिला काही नाही झालं. ती बाजारात जाते. जाताना मला आत ठेवून बाहेरून कडी घालून जाते."

"अरे बापरे!" कुणीतरी मागून म्हणालं. तिथे तरी थांबावं की नाही माणसाने!

"आणि मी खिडकीतून पळू नये म्हणून..." माझा आवाज कापायला लागला. तो मी मुद्दाम कापू दिला. "माझ्या चपला पाटीत घालून नेते! मासळीच्या खाली! एकुलत्या एक चपला, पोरी!"

आणि मी रडलो. होळीतल्या बापाचं ठेवणीतलं रडणं, नाकासकट.

टाळ्या! पोरांनी बाकं वाजवली! मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "काका, मी फक्त कंटाळा सांगितला होता हो!" मी हात जोडून चारी बाजूंना वाकलो. चहा झाला, फोटो झाले. घरी निघालो, तर व्हरांड्यात रिद्धी उभी.

"काका, नाटक संपलं, आता खरं सांगा. मॅडमनी तुम्हाला चपलांचं काही सांगितलं नव्हतं. असलं कुणाला उगाच सुचत नाही." तिची नजर माझ्या सपातांवर गेली. "घरी सगळं ठीक आहे ना?"

'अगं वेडे, थाप होती ती' एवढं म्हटलं असतं तर गोष्ट संपली असती. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं! खरं पाणी! आजवर मी गाव रडवलं, पण नाटक संपल्यावरही माझ्यासाठी रडणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं. मी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "कुणाला बोलू नकोस, पोरी. ती वाईट नाही गं. फक्त कडी फार घट्ट आहे."

"कुठे राहता तुम्ही?"

"दांडीला ये आणि प्रफुल्ल नट कुठे राहतो, असं कुणालाही विचार!" हे मात्र मी ऐटीत सांगितलं.

घरी सुगंधा वाटच बघत होती. "कसं झालं?"

"टाळ्या पडल्या!"

"काय काय केलंत?"

"पेशंट केला," मी म्हटलं आणि विषय तिथेच संपवला. तिने पाटीतला सगळ्यात मोठा सरंगा विकायचा सोडून माझ्यासाठी ठेवला होता. मी तो काटे चोखून चोखून खाल्ला.

चार-आठ दिवसांनी सुगंधा बाजारातून आली ती पाटी आदळतच. "अवो, ऐकलंत काय? बाजारात कोण तरी मासळीवाली हाय, नवऱ्याला घरात कोंडून येते! त्याच्या चपला पाटीत घालून आणते!"

चहा माझ्या नाकात गेला.

त्याचं असं झालं होतं. रिद्धी बोईसरला इंदुबाई नावाच्या बाईंकडे खोली घेऊन राहायची. कुणाला बोलू नकोस म्हटल्यामुळे तिने माझं नाव न घेता फक्त इंदुबाईंना सांगितलं. इंदुबाईंनी नाव न घेता फक्त बाजाराला सांगितलं.

"गिऱ्हाईक कोळंबीचा भाव नाय विचारत, वाकून पाटीत चपला शोधतंय! आज एका बाप्याने माझा बर्फ उकरून बघितला!"

"मग? काही सापडलं का?" मी घाबरून विचारलं.

"माझ्या पाटीत काय सापडणार? ती बया मला गावू दे, हीच पाटी घालीन तिच्या डोक्यात! आमच्या सगळ्या बायकांचं नाव घालवलं. आणि तेही आत्ताच! रविवारी केळव्याची माणसं येतात ना?"

केळव्याची माणसं म्हणजे हेमालीचे आईबाप. दिपेश आणि हेमाली दोघं एकाच कारखान्यात. त्यांचं एकमेकांत ठरलं होतं. पण हेमालीची आई, वत्सलाबाई, अडून बसली होती. थोरल्या मुलीला सासू खाष्ट मिळाली होती, म्हणून या वेळी बाईंनी निरोप धाडला होता, की मुलगा नंतर बघू, आधी सासू बघणार. दिपेशला त्या आठवड्यात झोप नव्हती.

खरं सांगून टाकायची ही दुसरी संधी. मी तोंड उघडलं. सुगंधाने पाटी उचलून जोरात झटकली. मी तोंड मिटलं.

रविवार उजाडला. सुगंधाने ठेवणीतली साडी नेसली, केसांत गजरा माळला. पोहे झाले, कोळंबी तळली. पाहुणे आले. नामदेवराव मितभाषी, हेमाली त्यांच्याहून मितभाषी. वत्सलाबाईंनी मात्र घराचा कोपरा न् कोपरा नजरेखालून घातला.

"राग मानू नका. थोरलीच्या वेळी आमी घर बघितलं, माड बघितले, सासू बघायची राहिली. म्हणून आता डोळं उघडं ठेवते."

"बघा की! अशी समोर तर बसलेय," सुगंधा हसली.

"बोईसरला म्हणे कोण बाई हाय..." वत्सलाबाईंनी आवाज खाली आणला. "नवऱ्याला कोंडते!"

माझं खरं नाटक कधी शेजारच्या उच्छेळी गावाच्या पुढे गेलं नव्हतं, आणि हे केळव्याला पोचलं होतं!

"तिचं नाव नका काढू! मी शोधतेच हाय तिला," सुगंधा म्हणाली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "प्रफुल्लकाका इथेच राहतात ना?"

दारात रिद्धी. मागे अनुज. दोघं पांढऱ्या कोटात, रिद्धीच्या हातात बुटांचं खोकं.

सुगंधा केवढी हरखली! "या, या! अवो वत्सलाबाई, हे यांचे विद्यार्थी! डॉक्टर हायत! हे शिकवतात यांना!"

"आज नको रे पोरांनो, पाहुणे आलेत," मी उठून आडवा आलो.

"दोनच मिनिटं काका," रिद्धी म्हणाली आणि माझ्या बाजूने सटकून आत आली. मॅडमनी शिकवलं होतं तस्संच केलं तिने. सुगंधाच्या जवळ बसली, आवाज मऊ केला. "काकू, आम्ही भांडायला नाही आलो. तुम्हाला काळजी वाटत असेल, काका पडतील, चक्कर येईल. पण साखर असलेल्या माणसाला थोडं तरी चालायला हवं. तुम्ही बाहेरून कडी घालू नका. आणि हे नवे बूट आणलेत आम्ही वर्गणी काढून. हे तरी त्यांच्याजवळ राहू दे. पाटीत नेऊ नका."

वत्सलाबाईंचा पोह्यांचा चमचा तोंडाजवळ थांबला.

सुगंधाने रिद्धीकडे बघितलं, मग खोक्याकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"नाटक होतं ते!" मी ओरडलो. "खोटं रडलो मी! कडी नाही, काही नाही! नट आहे मी, नट!"

"बघ, घाबरलेत," अनुज रिद्धीच्या कानात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"काका, काकू समोर आहेत म्हणून असं बोलताय ना?" रिद्धी कळवळून म्हणाली.

"नाही गं बाई! दर्याची शपथ!" आणि मंडळी, मला रडू आलं. खरंखुरं! बिनतालमीचं!

"वर्गातही अगदी असेच रडले होते," अनुजने नामदेवरावांना माहिती दिली.

नामदेवराव ताटली खाली ठेवून उठले. "निघतो आमी." वत्सलाबाईंनी पदर खोचला. "देव पावला म्हणायचा. या पोरांनी वेळेवर सांगितलं." दिपेश भिंतीला टेकून उभा होता. "बाबा, काय करून ठेवलंत हे?" एवढंच म्हणाला.

आणि सुगंधा? बाजारात चार-चार गिऱ्हाइकांना एका दमात गप्प करणारी माझी बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिने तेव्हा मला चार माणसांत झोडपलं असतं तर बरं झालं असतं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो, आणि या खेपेला तांब्या घेऊन धावणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यात हेमाली उठली. ती आल्यापासून नमस्कारापलीकडे काही बोलली नव्हती. दाराशी गेली, दार पुढे ओढलं, मागे ढकललं, बाहेरच्या अंगाने हात फिरवला.

"काका, कडी कुठे आहे?"

"कुठली कडी?"

"बाहेरून घालायची. इथे नुसती गंजकी भोकं दिसतात."

सगळे दाराशी गोळा झाले. "ती... खाऱ्या हवेनं गळून पडली," मी पुटपुटलो.

"गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात पडली!" दिपेशला एकदम कंठ फुटला. "आई रोज सांगते बसवा, बाबा रोज म्हणतात उद्या!"

"आणि चपला?"

दिपेशने दारामागे हात घालून माझ्या चपला बाहेर काढल्या. एकीचा अंगठा लोंबत होता, दोन्हींवर धुळीचा थर. "या पण उद्याच शिवायच्या होत्या."

रिद्धीने चपलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे त्या दिवशी सपाता घालून आलात ते?"

"कंटाळा," मी म्हटलं.

"आणि चालायला जात नाही ते?"

"कंटाळा."

मॅडमनी दिलेली भूमिका ती हीच की! तिच्यात वाव नाही म्हणून मी नाक मुरडलं होतं, आणि घरी तीच मी सकाळ-संध्याकाळ करत होतो. माझ्या आळसाने आजवर कुणाचं भलं केलेलं नाही, पण त्या दिवशी बायकोचं नाव त्यानेच वाचवलं. मी वेळेवर कडी बसवली असती, तर दिपेशचं लग्न मोडलं असतं!

पहिल्या हसल्या त्या वत्सलाबाई. मग नामदेवराव हसले. मग सगळे. वत्सलाबाई परत येऊन बसल्या आणि त्यांनी कोळंबीची ताटली स्वतःकडे ओढली. "विहीणबाई, सासू बघितली. पसंत हाय. सासरा तेवढा सुधारून घ्या!"

रिद्धीचा चेहरा रडवेला झाला होता. "काकू, चुकलं माझं. आधी विचारा, असं मॅडम घोकून घेतात आमच्याकडून. आणि मी तुम्हाला न विचारताच..."

"तुजी काय चूक, पोरी? तू तर बूट घेऊन आलीस," सुगंधा म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

सगळे गेले. सुगंधा ताटल्या गोळा करत होती.

"सुगंधा, चुकलो."

तिने एकात एक ताटल्या घातल्या. "मी कडी घालते म्हणालात, तवा टाळ्या पडल्या?"

"पडल्या."

"लय?"

"लय."

"आणि मी बाजारात सांगत फिरत होते, माझा नवरा डॉक्टरांना शिकवतो," ती म्हणाली आणि ताटल्या घेऊन आत गेली. मी तिथेच जमिनीवर बसलो. खुर्चीत बसायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी नवे बूट घालून मी बोईसरच्या बाजारात गेलो. सुगंधाच्या पाटीशेजारी उभा राहिलो आणि स्टेजचा आवाज लावून सांगितलं, की तो रडका पेशंट मी, ती कडी खोटी, आणि या बाईच्या पाटीत मासळीशिवाय कधी काही नव्हतं. एकही टाळी पडली नाही. इंदुबाई समोरच होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सुगंधाला विचारलं, "कोळंबी कशी दिलीस गं?"

येताना कडी घेऊन आलो आणि त्याच दिवशी बसवली. सुगंधाने ती ओढून बघितली. "घट्ट हाय," म्हणाली. रविवारनंतरचं माझ्याशी पहिलं वाक्य!

तेव्हापासून पहाटे बाजाराला निघताना ती आधी मला दाराबाहेर काढते. मग बाहेरून कडी घालते, कुलूप ठोकते आणि किल्ली पाटीत टाकून नेते. जाता जाता ती किल्ली ठेवते गावाच्या दुसऱ्या टोकाला, रिक्षा स्टँडजवळ नवसीआत्याच्या घरी. पहिल्या दिवशी मी पायरीवरच बसून राहिलो. पण चहावाचून माणूस किती वेळ बसणार? आता रोज तिथवर चालत जातो. वाटेत बोईसरचा रिक्षावाला काच खाली... छे, रिक्षाला काच कुठली! मान बाहेर काढून विचारतो, "चाचा, चप्पल मिली क्या?" आणि मी घामाघूम होऊन पोचलो, की ओट्यावरची नवसीआत्या किल्लीच्या आधी पाण्याचा तांब्या पुढे करते. "पी बाबा. परत मेलास काय?"

परवा इंदुबाई भेटल्या. म्हणाल्या, सुगंधा बाजारात पुन्हा तुमचं कौतुक करायला लागलीय. सगळ्यांना सांगते, माझा नवरा आता आपणहून उठून रोज चालायला जातो! कडीचं, कुलपाचं, किल्लीचं ती कुणाजवळ चकार शब्द बोलत नाही.

ते मीच आत्ता तुम्हाला सांगून बसलो.